लातूरच्या गच्चीवरून भर दर्यात: टेबलटॉप खेळात जहाजाचा प्रसंग कसा चालवायचा

आमच्या गच्चीवरच्या टोळीत चार खेळाडू आणि पाचवा मी, म्हणजे खेळ चालवणारा मास्टर. चौघांपैकी दोघांनी समुद्र पाहिलाय, तोही गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात उभं राहून. उरलेल्या दोघांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. तरी गेल्या वर्षभरात या मंडळींनी एक जहाज जाळलं, एक बुडवलं आणि एक चक्क विकून टाकलं. ज्यांनी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ (टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन गोष्ट रचायची) चालवायला नुकतीच सुरुवात केलीय, तळघरं आणि जंगलं ज्यांची चालवून झालीत आणि ज्यांचे खेळाडू आता ‘बंदरावर जाऊ’ म्हणायलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझा पहिला प्रयत्न सपशेल आपटला. आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळतो (हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला, आणि आताचे मूळ नियम नेटवर फुकट मिळतात). मी दोन जहाजं समोरासमोर आणली, प्रत्येकाला तीनशे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) दिले आणि तोफा सुरू केल्या. एक जण सुकाणूसाठी फासा टाकायचा, मग मी टाकायचो, मग आकडा वजा करायचा. पाऊण तासात भाचा रील बघायला लागला. शेजारच्या वहिनी खाली जाऊन कुकर लावून आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, अजून तेच जहाज का?” तेच जहाज होतं. दोनशे बारा पॉइंट शिल्लक होते.

त्या दिवशी चुकलं ते एवढंच, की टेबलाभोवती चार माणसं आणि काम एकालाच. खाली जे काही सांगतोय ते या एका चुकीवरचा उपाय आहे. नियम कुठलेही वापरा, डी-२० म्हणजे वीस बाजूंचा फासा असो की दोन साधे लुडोचे, फारसा फरक पडत नाही.

पहिली पायरी: जहाजावर का चढलेत?

बंदरात जाऊन ‘चला, जहाज घेऊ’ असं करू नका. तळात काहीतरी असं ठेवा की जे बुडालं तर खेळाडूंच्या पोटात गोळा येईल.

कारण शोधायला मराठवाड्याबाहेर जायची गरज पडत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या, ग्रीक भाषेतल्या एका दर्यामार्गाच्या वर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही गावांची नोंद आहे. भरूचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून ऑनिक्सचे दगड आणि तेरहून साधं कापड, मलमल असा माल बैलगाड्यांनी अवघड वाटांवरून बंदरावर जायचा. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज छापलेलं आहे. म्हणजे समुद्र आपल्यापासून लांब असला तरी आपला माल कायम समुद्रात होता.

माझी मोहीम मी तिथूनच सुरू केली. तेरच्या विणकरांचं वर्षभराचं कापड गाड्यांवर, खेळाडू त्या गाड्यांचे राखणदार. दोन सेशन नुसत्या रस्त्यावर गेली, बैल लंगडले, एका नाल्यात गाडी उलटली. तिसऱ्या सेशनला तोच माल जहाजाच्या तळात उतरला तेव्हा प्रत्येकाला ते गठ्ठे आपल्या घरचे वाटायला लागले होते. शिवाय प्रत्येक खेळाडूला त्याच्या कॅरेक्टरची एक वस्तू तळात ठेवायला सांगा. आमच्या चोरानं चोरलेला देव ठेवला होता. कुणाचा, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

दुसरी पायरी: जहाज कागदावर आणा

चौकटीच्या वहीचं पान घ्या. एक चौकट पाच फूट. ऐंशी फूट लांब, वीस फूट रुंद जहाज म्हणजे सोळा चौकटी बाय चार. एवढं केल्यावर खेळाडूंना सांगा, की एसटीच्या दोन लालपऱ्या एकामागं एक लावल्या तर साधारण या जहाजाची लांबी होते. आमच्याकडं हे सांगितल्याबरोबर मेडिकलवाला मित्र म्हणाला, “आणि त्यात वीस खलाशी अन् आपण चार? मग सणाच्या गर्दीतली बसच की.” तिथून पुढं जहाजाचं वर्णन मला करावं लागलं नाही.

पानावर पाच-सहा गोष्टी मात्र ठळक काढा: डोलकाठी, सुकाणू, तळात उतरायची शिडी, नांगराचा साखळदंड, बांधलेली पिंपं आणि एखादी विचित्र गोष्ट. विचित्र गोष्ट फार उपयोगी पडते. माझ्या जहाजावर कोंबड्यांचं खुराडं असतं.

खलाशांसाठी सोंगट्या आणू नका. भाजलेले शेंगदाणे वापरा. वीस खलाशी, वीस दाणे. खलाशी मेला की ज्याच्या चुकीनं मेला त्यानं तो खायचा. हा नियम मी गंमत म्हणून सुरू केला, पण दाणा उचलून तोंडात टाकताना माणूस जरा थांबतो. भाच्यानं एकदा लढाई सुरू व्हायच्या आतच चार खलाशी खाल्ले, तेव्हापासून मी चुरमुऱ्यांची सुशीला वेगळ्या ताटात आणि खलाशी वेगळ्या वाटीत ठेवतो.

तिसरी पायरी: वारा

नवीन माणूस वारा विसरतो. वारा विसरला की समुद्र म्हणजे निळ्या रंगाचं मैदान होतं.

खळ्यावर उपणणी करताना तिपाईवर चढलेला माणूस आधी बघतो वारा कुठून येतोय, मग सूप उचलतो. दाणे खाली पडतात, भुसा वाऱ्याच्या अंगाला उडतो. उलट्या बाजूला उभं राहिलात तर सगळा भुसा डोळ्यांत. दोन जहाजांचं अगदी तसंच. जे जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे त्याला वाटेल तेव्हा खाली येता येतं. खालच्या अंगाच्या जहाजाला धूर, ठिणग्या, सगळं डोळ्यांत. त्याला वर चढायचं तर तिरक्या वाटेनं, नागमोडी जावं लागतं, कारण शिडाचं जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही.

टेबलावर एक उदबत्तीची काडी ठेवा. तिचं टोक जिकडं, तिकडं वारा वाहतो. नियम एकच: वरच्या अंगाच्या जहाजाचा सुकाण्या दोन फासे टाकून मोठा आकडा घेतो. दर दोन-तीन फेऱ्यांनी डी-६ टाका, एक आला तर वारा फिरला, सहा आला तर पडला.

वारा पडला की मजा सुरू होते, कारण वल्ह्यांच्या होडीला वाऱ्याची गरज नसते. मराठ्यांच्या आरमारात याच गोष्टीवर सगळा डाव उभा होता. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, उथळ पाण्यात चालणारं जहाज, त्याच्या निमुळत्या पुढच्या टोकावर तोफा. गलबत लहान, हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत न्यायची आणि शत्रूच्या पिछाडीला आणून सोडायची, कारण मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा बाजूंना असतात, मागे नाहीत. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी तटबंदी सुरू केली, इंग्रजांनी जहाजं आणून वाट अडवली. वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्री त्यांना चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. हा प्रसंग नुसता वाचून ठेवलात तरी तुमची तीन सेशन निघतील: एकदा खेळाडूंना होडीत बसवा, एकदा मोठ्या जहाजावर, एकदा बेटावर, सामानाची वाट बघत.

किनारा जवळ असेल तर अजून एक आयती गोष्ट, शाळेत पाठ केलेली: दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडं, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडं. म्हणजे बंदरातून गुपचूप निसटायचं तर रात्री उशिरा. ‘कधी निघायचं?’ हा प्रश्न खेळाडूंना विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या. आमच्याकडं नीटच्या क्लासला जाणाऱ्या भाच्याला हे भूगोलातलं आठवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चौथी पायरी: पाच टप्पे

पहिल्या प्रयत्नात मी दुसरी मोठी चूक केली होती. जहाजं एकमेकांना भिडल्यावरच प्रसंग सुरू केला. प्रसंग सुरू होतो तो दिसल्यावर.

हिशोब करून बघा. पाण्यापासून पाच मीटर उंचीवर डोळे असतील तर क्षितिज साधारण ८ किलोमीटरवर. डोलकाठीवर वीस मीटर उंच बसलेल्याला १६ किलोमीटर, आणि समोरच्याची उंच शिडं त्याच्याही पलीकडून डोकावतात. आमच्या नियमात शिडाचं जहाज ताशी दोन मैल चालतं आणि वल्ह्यांची मोठी गॅली चार. म्हणजे गॅली पाठीमागं लागली तर अंतर ताशी दोन मैलांनी, म्हणजे सव्वातीन किलोमीटरनं कमी होणार. १६ किलोमीटर तुटायला पाच तास. पाच तास एक काळा ठिपका मोठा होत जातोय आणि तुम्ही बघताय. त्या पाच तासांत खेळाडू काय करतात, हाच खरा खेळ.

कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर पाच घरं आखा आणि नावं लिहा: नजर, झेंडा, बाण, हाक, उडी. शत्रूची सोंगटी ‘नजर’मध्ये ठेवा. दर फेरीला दोन्ही सुकाणे फासा टाकतात, जिंकणारा सोंगटी एक घर जवळ आणतो किंवा लांब नेतो. ‘नजर’च्या बाहेर गेली की सुटलात.

‘नजर’मध्ये एक फेरी म्हणजे तास-दीड तास. माल फेकून जहाज हलकं करायचं का, शिडं बदलायची का, रात्र होईपर्यंत रेटायचं का. (गॅलीचे वल्हेकरीही माणसंच आहेत, पाच तास पूर्ण जोरात कोणी ओढत नाही, हे एखाद्या हुशार खेळाडूला सुचलं तर त्याला फळ द्या.) ‘झेंडा’ म्हणजे कोण आहे ते ओळखू येतं, खोटा झेंडा लावायचा तर इथंच. ‘बाण’मध्ये फेरी काही मिनिटांची. लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, दीडशे फुटांपर्यंत नीट लागतो, सहाशेपर्यंत अडचणीनं (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा). ‘हाक’ म्हणजे दीडशे फुटांच्या आत, आरडाओरडा ऐकू येतो, सौदा करता येतो. आणि ‘उडी’मध्ये फेरी नेहमीची, सहा सेकंदांची. शत्रू जवळ येतो तशी घड्याळाची फेरी आखडत जाते. हे मुद्दाम मोठ्यानं सांगा, टेबल आपोआप गप्प होतं.

जादूगाराचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, हा प्रश्न प्रत्येक नवा मास्टर विचारतो: ‘त्यानं पहिल्याच फेरीला शिडं जाळली तर?’ जाळू द्या. फायरबॉलचा पल्ला दीडशे फूट, म्हणजे ‘हाक’ येईपर्यंत तो पोचतच नाही. आणि तिथं पेटलेलं जहाज तुमच्यापासून दीडशे फुटांवर आहे. आता उदबत्तीची काडी कुठं बघतेय ते बघा. वारा तुमच्याकडं वाहत असेल तर ठिणग्या कुठं येणार, हे सांगायची गरज नाही. आमच्या भाच्यानं जाळलेलं जहाज ते हेच, आणि त्याच्यामागोमाग स्वतःचंही अर्धं शीड.

पाचवी पायरी: हात कमी, कामं जास्त

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अडचणी लिहून ठेवा. पत्रिकेचा कागद जाड असतो, टिकतो, आणि प्रत्येक घरात ढीग असतो. वरती काय झालंय ते, खाली ‘सोडलं तर’ काय होईल ते. ‘बाण’, ‘हाक’ आणि ‘उडी’ या तीन घरांत दर फेरीला खेळाडूंच्या संख्येपेक्षा एक पत्ता जास्त टेबलावर टाका. चार खेळाडू, पाच पत्ते. प्रत्येकाला एकच काम. म्हणजे काहीतरी सुटणारच, आणि काय सोडायचं हे त्यांनी आपापसांत भांडून ठरवायचं. तुम्ही गप्प बसायचं.

माझे काही पत्ते:

मोठ्या शिडाचा दोर तुटला. सोडलं तर: शत्रू एक घर जवळ.

तळात पाणी शिरायलंय. सोडलं तर: बुडाची एक रेघ गेली (रेघांचा हिशोब खाली आहे).

खलाशी पाण्यात पडला. सोडलं तर: एक दाणा.

तळातला घोडा बिथरला. सोडलं तर: पुढच्या फेरीला दोन नवे पत्ते.

माल ज्याचा आहे तो व्यापारी कप्तानाच्या कानाला लागलाय: शरण जा. सोडलं तर: कप्तान डळमळतो.

डी-२०वर साध्या कामाला दहाचा आकडा, वादळात किंवा ‘हाक’च्या आत पंधराचा. खेळाडू आपल्या कामावर पाच दाणे लावू शकतो, मग त्याला दोन फासे मिळतात. पण हरला तर त्यातला एक दाणा मेला.

एक फेरी जवळून दाखवतो. ‘बाण’चं घर, वारा आमच्या बाजूनं, वहिनी सुकाणूवर. त्यांचं कॅरेक्टर म्हणजे एक बुटकी पुजारीण, कमरेला हातोडा. पाच पत्ते पडले, त्यात ‘खलाशी पाण्यात पडला’. नुसता खलाशी कशाला, म्हणून मी ऐन वेळी सांगितलं, तो तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. हा तांडेल दोन सेशनपासून वहिनींशी मीठ कुठलं चांगलं यावर हुज्जत घालायचा. मित्रानं दोर घेतला, चौथ्या खेळाडूनं पाणी उपसायला घेतलं, भाचा घोड्याकडं पळाला. व्यापाऱ्याकडं कुणीच बघितलं नाही.

वहिनींनी सुकाणूवरून हात काढला. “मी दोर टाकते त्याला.”

“मामी, सुकाणू!” भाचा ओरडला. “जहाज फिरायलंय!”

“फिरू दे. तांडेल बुडायलाय.”

मी काडी फिरवली. जहाज वाऱ्याला आडवं गेलं, वरचं अंग हातातून गेलं, आणि शत्रू ‘हाक’मध्ये आला. फासा पडला सतरा, तांडेल वर आला. भाचा मला म्हणाला, “मामा, ही चीटिंग आहे, तो तांडेल तुम्ही मुद्दाम पाडला.” मुद्दामच पाडला होता. ज्याच्याशी खेळाडू बोललेत त्यालाच पाण्यात टाकायचं. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही तो बुडाला तर टेबलावर फक्त शेंगदाणा कमी होतो.

वादळासाठी शत्रूची गरज नाही. पट्टी बाजूला ठेवा, तीन फेऱ्या नुसते पत्ते टाका, प्रत्येक फेरी दोन-तीन तासांची. चौथी फेरी करू नका, कंटाळा येतो.

नुकसान मोजायचं कसं

तीनशे पॉइंट विसरा. जहाजाचे चार भाग लिहा: शीड, सुकाणू, बूड, माणसं. पहिल्या तिघांना तीन-तीन रेघा, माणसं म्हणजे वाटीतले दाणे. शिडाच्या तीन रेघा गेल्या की जहाज वाहतं, चालत नाही. सुकाणूच्या गेल्या की फासा टाकता येत नाही. बुडाच्या गेल्या की दहा फेऱ्यांत बुडतं, ती दहा फेऱ्यांची पळापळ हा वेगळाच प्रसंग. शत्रूच्या जहाजालाही हेच. पुरे.

उडी, आणि पाण्यात पडलेला माणूस

जहाजं भिडली की आता नेहमीची हाणामारी. तीन-चार फेऱ्यांच्या पुढं नेऊ नका. चाच्यांना तुमचं जहाज बुडवायचं नसतं, तळातला माल हवा असतो. अर्धी माणसं पडली की ते दोर तोडून निघून जातात, आणि जावेत. एक फेरी सोडून एक फेरी जहाज कलंडवा: ज्यानं काही धरलेलं नाही त्यानं दहाच्यावर आकडा काढायचा, नाहीतर दोन चौकटी घसरायचं. दर फेरीला केलंत तर लोक वैतागतात.

पाण्यात पडणं मात्र नीट समजून घ्या, कारण नियमात त्याची गंमत लपलेली आहे. लोकांना वाटतं पडला की बुडाला. आमच्या नियमात साधा माणूस श्वास मिनिटभर धरतो, दणकट असला तर दोन-तीन मिनिटं, आणि मिनिटाला दहा फेऱ्या. म्हणजे बुडायला भरपूर वेळ आहे. धोका वेगळाच आहे: जहाज थांबत नाही.

ताशी दोन मैल म्हणजे सहा सेकंदांच्या फेरीला जवळपास साडेसतरा फूट. पोहणारा अर्ध्या वेगानं जातो, तीस फूट चालणारा पंधरा फूट पोहतो. म्हणजे जहाज दर फेरीला अडीच फूट लांब जातंय. पूर्ण जोर लावला तर तीस फूट, मग गाठतो, पण त्या फेरीत दुसरं काहीच करता येत नाही. आता पन्नास फुटांचा दोर टाका: वीस फेऱ्या आहेत त्याच्या हातात. हेच तो गॅलीवरून पडला तर? गॅली फेरीला पस्तीस फूट जाते. तिसऱ्या फेरीला दोर अपुरा. हे आकडे खेळाडूंना उघड सांगा. लपवून काही मिळत नाही, उघड सांगितलं की प्रत्येक जण बोटं मोजायला लागतो.

पाण्याखाली कट्यार, भाला, आखूड तलवार, त्रिशूळ ही हत्यारं नीट चालतात, बाकीची अडखळतात. चिलखतवाल्याला पोहायचा फासा अडचणीनं टाकायला लावा, एवढं माझ्याकडून.

हाणामारीशिवायचे प्रसंग

चार प्रसंगांत एक लढाईचा, माझं प्रमाण असं आहे. बाकी तीन खालच्यासारखे.

कागद दाखवा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत, तो नसेल तर जहाज जप्त. पुढं आंग्र्यांच्या आरमाराचंही दस्तक लागायचं. म्हणजे भर समुद्रात चेकनाका. परवान्यावर खलाशांची संख्या वीस लिहिलीय आणि जहाजावर चोवीस माणसं आहेत, एवढ्यावर दीड तासाचं सेशन उभं राहतं. ट्रकवाल्यांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या खेळाडूंना काय बोलायचं ते शिकवावं लागत नाही.

पाणी. नियमात माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, उन्हाळ्यात दोन. पंचवीस माणसांचे उन्हात पन्नास गॅलन, म्हणजे १९० लिटर. आपल्या भाषेत दिवसाला एक टिपाड. दहा दिवसांचा प्रवास, दहा टिपाडं, आणि आठव्या दिवशी कळतं, की तीन टिपाडं गळकी होती. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या पोरांनी हा प्रसंग असा खेळला, की मी फक्त ऐकत होतो. कुणी किती प्यायचं, आजारी खलाशाला किती, कोंबड्यांना द्यायचं का, टिपाडाला कुलूप कुणी लावायचं. वहिनींनी सरळ खाऱ्या पाण्यात भांडी घासायचा हुकूम काढला. राक्षस आला असता तर त्याला कुणी विचारलंही नसतं.

बेट. यासाठी अजिंठ्याला एकदा जाऊन या, बाहेरच्या कुठल्या गोष्टीची गरज उरणार नाही. लेणे क्रमांक दोनमध्ये तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय, त्यावर रांजण मांडलेत. सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे: जहाज फुटतं, व्यापारी बेटाला लागतात, सुंदर बायका त्यांचं स्वागत करतात, आणि त्या राक्षसिणी निघतात. सुटका होते ती एका उडत्या घोड्याच्या पाठीवरून. जहाज बुडालं म्हणून मोहीम संपत नाही, तिथून हा प्रसंग सुरू होतो. एकच काळजी घ्या: राक्षसिणी पहिल्याच रात्री ओळखू येऊ देऊ नका. जेवण चांगलं वाढा.

प्राण्यांबद्दल थोडंच. क्रॅकन या अवाढव्य समुद्री राक्षसाचा मोह सगळ्यांना होतो, पण नवीन खेळाडूंच्या कॅरेक्टरना तो एका फेरीत संपवेल. त्याचा नुसता एक सोंड्या हात पाण्याबाहेर दाखवा आणि परत बुडवा. सुरुवातीला साहुआगिन बरे: माशासारखे, टोळीनं रात्री दोर चढून येतात, जखमी माणसाला बघून चवताळतात, पण चार तासांच्या आत त्यांना पुन्हा पाण्यात जावंच लागतं. पहाटेपर्यंत दार धरून बसायचं, असा साधा आणि भीतीदायक प्रसंग होतो.

सेशन संपल्यावर

रेघा आणि दाणे लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. डागडुजीला किती दिवस, लाकूड कुठून, मेलेल्या खलाशांच्या घरी कोण कळवणार, हे पुढच्या सेशनचे पहिले पंधरा मिनिटं. उरलेले दाणे डबीत भरून झाकणावर आकडा लिहायचा. मागच्या रविवारी मी तेरा लिहून डबी कपाटात ठेवली होती. काल उघडली तर अकरा निघाले. भाचा शपथेवर सांगतोय की त्यानं हातही लावला नाही, आणि वहिनींनी जहाजावर चौकशी बसवली आहे.